हरतालिकेचा थेंब

श्रावणभर मी रोज महादेवाला बेल वाहते. लग्न होऊन भैंशाला आले त्या वर्षीपासूनचा हा नेम. बेलाचं पान तीन दलांचं आणि अखंड लागतं. फाटलेलं, किडीनं भोक पाडलेलं चालत नाही. त्यामुळे तोडण्यापेक्षा निवडण्यातच जास्त वेळ जातो. नव्व्याण्णव साली माझा गुडघा धरला होता आणि घरात नुकतीच सून आली होती. सरोजिनी, नेरडीगोंड्याच्या विठ्ठलरावांची धाकटी.

"आई, तुमी परडी धरून खाली उभ्या राहा," ती म्हणाली. "फांदी मी वाकवते. तुमचा गुडघा अन् हा चिखल, दोघांचं जमायचं नाई."

झाड आमच्या घरामागेच आहे, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून. रात्रभर पाऊस पडून गेलेला. तिनं पायाच्या चवड्यांवर उभं राहून फांदी ओढली, आणि ओल्या हातातून ती सटकली. सपकन वर जाताना तिच्या उजव्या डोळ्याला फटकारून गेली. मी परडी टाकून धावले.

"काटा लागला का? दाखव बरं."

"काटा नाई. पान लागलं वाटते. थांबेल आपोआप."

मी पदराचा बोळा केला, त्याला तोंडाची वाफ दिली आणि तिच्या डोळ्यावर धरला. आमच्याकडे डोळ्यात काही गेलं की बाया हेच करतात. संध्याकाळपर्यंत डोळा लालबुंद झाला. माझ्या नणंद वच्छलाबाई शेजारच्याच गल्लीत राहतात, त्या पाहायला आल्या.

"मध घाल त्यात, कौशल्या. नाहीतर गाईचं तूप. आमी काय दवाखान्यात मोठे झालो?"

सरोजिनीनं मान हलवली. तिला डोळ्याला कोणाचा हातच लावून घ्यायचा नव्हता. शेवटी आमच्या उद्धवनं औषधाच्या दुकानातून थेंब आणले. डोळे आले की दुकानदार सगळ्यांना तेच देत होता. एक-दोन दिवस लाली उतरली, आम्हाला बरं वाटलं. मग पुन्हा चढली, आणि आता तिला उजेड सहन होईना. दिवेलागणीला मी देवापाशी निरांजन लावलं की ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायची. एका सकाळी मी तिला ओसरीवर आणून डोळा नीट पाहिला. बुबुळावर पांढरं काहीतरी होतं, सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखं. कडा पिंजलेल्या.

डोळ्यात फूल पडलं होतं.

तिनं माझा चेहरा पाहिला आणि माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात आली.

"आई, एक सांगायचं राहिलं होतं. तुमी रागवाल."

"सांग तर आधी."

"मले चष्मा होता."

"होता म्हणजे?"

"लई जाड. कॉलेजात मले सोडाबाटली म्हणायचे. दोन ठिकाणची बोलणी चष्म्यावरूनच फिसकटली. मग मामा हैदराबादला घेऊन गेला. तिथं लेसरनं नंबर काढला, दोनी डोळ्यांचा. तुमच्याकडचं स्थळ त्याच्यानंतर आलं. बाबा म्हणाले, आता नाई ना चष्मा, मग कायले बोलायचं?"

मी परातीतल्या पिठाकडे बघत राहिले. पाहायला गेलो होतो तेव्हा वन्संनी मुद्दाम तिच्या हातात सुईदोरा दिला होता. नजर पाहायची आमची जुनी रीत. तिनं एका झटक्यात ओवला होता. परतीच्या जीपमध्ये वन्सं सगळ्यांना सांगत होत्या, "पोरीची नजर घारीची आहे."

"उद्धवला माहीत आहे?"

"नाई."

"म्हणजे थेंब देणाऱ्यालाही माहीत नव्हतं, डोळ्यावर लेसर झालं आहे म्हणून."

सांगितलं असतं तर गोष्ट घरात आली असती. ती घरात येऊ नये म्हणून पोर दुखरा डोळा घेऊन गप्प बसली होती.

राग आला नाही असं कसं म्हणू? आला. पण तो पांढरा ठिपका समोर होता. मी हात धुतले आणि ह्यांना हाक मारली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मास्तरकीत जन्म गेलेला माणूस, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि एवढंच म्हणाले, "पहाटेच्या बसनं निघा. बाकीचं मग बोलू."

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई साधारण माझ्याच वयाच्या, केसात मोगरा माळलेल्या. त्यांनी आधी डोळा बधिर केला, मग ठिपक्यावरचं किंचितसं खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं आणि यंत्राखाली पाहिलं. उद्धवलाही बोलावून दाखवलं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "धागे दिसतात, आई. बारीक, फांद्या फुटलेले."

बुरशी होती. ओल्या पानावर, लाकडावर असते ती. लेसर करताना बुबुळाचा वरचा पापुद्रा उचलून पुन्हा बसवलेला असतो. फांदीच्या फटक्यानं त्याची कड उचकटली आणि पानावरची बुरशी थेट आत जाऊन बसली. दुकानातले थेंब पाहिल्यावर बाईंनी ती बाटली सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"इससे लाली उतरती, अम्मा, पर फंगस को खाना मिलता."

पापुद्रा उचलून आतली जागा त्यांनी साफ केली. काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. निघताना दोन बाटल्या हातात दिल्या. एकीतलं औषध दुधासारखं पांढरं, दर तासाला एक थेंब, दर वेळी बाटली हलवून. दुसरं दिवसातून तीनदा. मला समजावं म्हणून त्या सावकाश बोलल्या.

"एक घंटा भी नागा नहीं होना. बढ़ गया तो पुतली बदलना पड़ता. और अंदर उतर गया तो..." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं. उघडा पंजा मिटला.

परतीच्या बसमध्ये सरोजिनी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून खिडकीकडे बसली होती. चष्म्याचं उद्धवला तोवर कळलं होतं. निर्मलचा स्टँड आल्यावर तो म्हणाला, "सुई तर ओवली होती तू."

"ओवलीच ना. खोटी कुठं ओवली?"

तो हसला, आणि ती पट्टीखालून रडायला लागली. मी बाहेर कपाशीकडे बघत बसले.

घरी आल्यावर आमच्या दिवसाला तासांचे तुकडे पडले. दिवसा मी, रात्री गजर लावून उद्धव. पोळ्याला बैल दारावरून गेले, मी ओवाळलं आणि हळदीचे हात धुऊन पुन्हा बाटली हलवायला बसले. डोळ्याला देवाचं तीर्थसुद्धा लावायचं नाही असं सांगितलं होतं, तेही पाळलं. ठिपका कमी झाला नव्हता, पण वाढलाही नव्हता.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या. चष्म्याची गोष्ट तोवर त्यांच्या कानावर गेली होती. ती सुई त्यांच्या मनात चांगलीच टोचत होती.

"मले मेलीला शहाणी समजत होते सारे," त्या ओसरीवरून मोठ्यानं म्हणाल्या, आत ऐकू जावं अशा. "डोळे लपवून लगीन लावलं. आता पहिली हरतालिका आहे, उपास तरी खरा धर म्हणा."

"वन्सं, ती आजारी आहे. तिला उपास नाही."

"मी कोठं म्हणून राह्यली धर? मी फक्त बोलून राह्यली."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सरोजिनीपाशी चहा आणि दशमी ठेवून आले. उद्धव औषधाची पुढची बाटली आणायला निर्मलला गेला होता. आमच्याकडे गल्लीतल्या बाया हरतालिकेला जमतात. वाळू चाळायची, पिंडी करायची, पत्री निवडायची, पहाटेपासून घर भरलेलं असतं. उपास निर्जळी. मी सून होऊन आले तेव्हापासून त्या दिवशी पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. मी दर तासाला आत डोकावले की अंधारातून सरोजिनी म्हणायची, "टाकलं, आई. मीच टाकलं. तुमी पूजेचं पाहा." मला कौतुक वाटलं. स्वतःच्या हातानं टाकायला शिकली म्हणून.

दुपारी उशिरा पत्रीची परडी ठेवायला मी त्या खोलीत गेले. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक रेघ कोनाड्यावर पडली होती. तिथं बाटली उभी होती. तळाशी चुन्यासारखा पांढरा गाळ आणि वर नितळ पाणी.

मी बाटली उचलली.

"सरू, शेवटचा थेंब कधी टाकला?"

"आत्ताच, आई."

"ही बाटली सकाळपासून हललेली नाही."

ती उठून बसली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मग माझं लक्ष कपाकडे गेलं. कप धुऊन पालथा घातलेला.

"चहा?"

"मोरीत ओतला. दशमी खाल्ली नाई."

मी खाली बसले. गुडघा दुखला तेही कळलं नाही. "काऊन, माय?"

"थेंब टाकला की घशात उतरते, आई. दुसऱ्या बाटलीतला तर कडूजहर लागते. निर्जळी म्हणजे निर्जळी ना? मग ते पोटात गेलं तर उपास कुठं राहिला?"

"तुला कोणी सांगितलं उपास धरायला?"

"कोणी नाई. एक खोटं घेऊन या घरात आले. देवापाशी तरी खरं वागावं वाटलं."

"आणि डोळा?"

"देव पाहील."

"औषधानं उपास मोडत नाही, सरू. देवाला कळतं."

ती हळूच, अजिबात उलटून न बोलता म्हणाली, "मग मागल्या वर्षी तुमी गोळी काऊन नाई घेतली? अंगात फणफणून ताप होता. तरी पाण्याचा घोट घेतला नाई. आत्याबाई सगळ्यांना सांगतात. माझ्या माहेरीसुद्धा सांगतलं त्यांनी, आमची कौशल्या कशी आहे ते."

ओसरीवर बाया कहाणीची तयारी करत होत्या. हा उपास मोडणाऱ्या बाईचं पुढं काय होतं ते त्या कहाणीत आहे, आणि ती दर वर्षी मीच वाचते. ऐकताना लहान मुली आईला चिकटतात. मीही लहानपणी चिकटले होते. त्या भीतीला मी कधी भीती म्हटलं नाही, नेम म्हटलं.

पण त्याच कहाणीत एक सखी आहे. पार्वतीचं मन ओळखून तिचा हात धरून तिला रानात घेऊन जाते ती. व्रताला नाव त्या सखीवरूनच पडलं. इतकी वर्षं वाचून तिच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी तांब्यात घेतलं, फुलपात्र घेतलं आणि परत आले. सरोजिनीसमोर बसून फुलपात्र भरलं. थोडं पाणी लुगड्यावर सांडलं. डोळे मिटून महादेवाला म्हटलं, माझ्या खात्यावर घे, तिच्या नको. आणि प्यायले.

"आई!"

दारात वन्सं उभ्या होत्या. हातातली वाळूची परात तशीच.

"कौशल्या! काय करून राह्यली?"

"पाणी पिऊन राह्यली, वन्सं."

"अव, पूजा व्हायची आहे! तीस वर्षांचा उपास तुझा! तुझा नवरा माझा सख्खा भाऊ आहे, त्याचा तरी विचार कर!"

ओसरीच्या टोकाशी हे पेपर वाचत बसले होते. तिथूनच त्यांचा आवाज आला, "आक्का, मी आहे अजून. मला काही झालेलं नाही. आधी पोरीला थेंब टाका."

एक-दोन बाया फिसकन हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. त्या परात घेऊन आत आल्या आणि त्यांनी सरोजिनीच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बाटलीकडे.

"थेंब टाकला नाई हिनं?"

"सकाळपासून नाही."

"माझ्या बोलण्यानं?"

सरोजिनी खाली बघत राहिली. वन्संनी परात खाली ठेवली.

मी दुसरं फुलपात्र भरून पुढं केलं. सरोजिनीनं माझ्याकडे पाहिलं, एका डोळ्यानं. मग प्यायली. घटाघटा, दोन्ही हातांनी धरून. मी बाटली खूप वेळ हलवली, तळाचा गाळ पुन्हा दूध होईपर्यंत. तिनं मान मागं टाकली. महादेवाचं नाव घेऊन मी थेंब सोडला.

"आता पुढचा कधी?" वन्संनी विचारलं.

"तासानं."

"मग तुमी दोघी बसा पूजेला. घड्याळाचा काटा मी पाहते."

त्या गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन सरोजिनीच्या शेजारी बसल्या. स्वतःचा उपास त्यांनी मोडला नाही, तोंडात पाणी घेतलं नाही. पण सकाळी विसर्जनाला बाया निघाल्या तेव्हाही त्या तिथंच होत्या, आणि मधल्या एकाही तासाला बाटलीचा गाळ खाली बसला नाही.

पूजेत त्या वर्षी कहाणी मी वाचली नाही. दुसरीनं वाचली. मी ऐकली. सखीचं नाव आलं तेव्हा हात जोडले.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई यंत्राला डोळा लावून बराच वेळ पाहत होत्या. मी जप धरला होता, पण मणी पुढं सरकत नव्हता.

"कडा साफ हो रही," त्या शेवटी म्हणाल्या. "रुक गया, अम्मा. पकड़ लिए हम." मग मान वर करून विचारलं, "नागा तो नहीं हुआ?"

खोटं नको म्हणून उद्धवनं त्यांना हरतालिकेचं सगळं सांगितलं. त्या आधी रागावल्या, चांगल्या रागावल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांना हसू आलं. उठून जवळ आल्या आणि माझ्याच डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरला.

"बूँद डालके यहाँ दबाने का. गले में उतरताच नहीं. तुम्हारा उपवास भी रहता, इसका भी रहता."

"म्हणजे आई, उगाच मोडला तू," उद्धव म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं. त्या दिवशी तिला कोपरा दाबून दाखवला असता तर तिनं ऐकलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. मला पाणी पिताना पाहिलं आणि ती प्यायली, एवढं ठाऊक आहे.

दिवाळीपर्यंत तासाचे दोन तास झाले, दोनाचे चार. संक्रांतीला तिनं स्वतः निरांजन लावलं आणि तोंड फिरवलं नाही. ठिपका आकसत आकसत बुबुळाच्या कडेला गव्हाच्या कोंड्याएवढा राहिला. तो तिथं राहणार. रात्री समोरून लॉरी आली की तिला दिव्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं म्हणते. पण बुबुळ बदलावं लागलं नाही. धुळीपासून, काडीकचऱ्यापासून जपा, बाहेर साध्या काचेचा चष्मा लावा, एवढंच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. विठ्ठलरावांनी तिच्या माहेरच्या कपाटातली ती जुनी जाड फ्रेम आणून दिली. माझ्या यजमानांसमोर हात जोडून उभे राहिले. ह्यांनी त्यांना बसायला पाट दिला आणि विचारलं, "ज्वारी कशी आहे यंदा?"

पुढच्या श्रावणात सरोजिनीनं ती फ्रेम साध्या काचा बसवून नाकावर चढवली आणि बेल काढायला निघाली. मी म्हटलं, राहू दे. तिनं ऐकलं नाही. आता फांदीला ती दोरीचा फास टाकते आणि दोरीचं टोक माझ्या हाती देते. फांदी सुटली तरी वर जात नाही.

ओसरीवर आम्ही पानं निवडत बसलो होतो. वन्संही होत्या. सरोजिनीनं चष्मा काढून ठेवला, डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि एकेक पान उजव्यानं पाहू लागली.

"आई, हे काढा."

"का? चांगलं तर आहे."

"भोक आहे. मधल्या पानाला, देठापाशी."

मी पान उजेडाला धरलं. खरंच, सुईच्या टोकाएवढा उजेड त्यातून आरपार आला.

वन्संनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, उलटं केलं.

"कोठं आहे व? मले तर काही दिसून नाई राह्यलं."

"आत्याबाई," सरोजिनी तळहात न काढताच म्हणाली, "सुईदोरा आणू का?"

वन्संनी तेच पान तिच्या डोक्यात मारलं, हळूच, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी परडी पुढं सरकवली. अजून बरीच पानं निवडायची राहिली होती.